लिंबाला दिलेला ताण

आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, कसे आहेत असं मला कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. सकाळी विचारलंत तर मी एक सांगेन आणि संध्याकाळी विचारलंत तर भलतंच. तशी मी तोंडाने फटकळ. शिवणकाम करते, कापड एकदा कात्रीखाली आलं की इकडचं इकडे आणि तिकडचं तिकडे, मधलं काही ठेवायची मला सवय नाही. पण ह्या माणसाच्या बाबतीत माझी मती अगदी गुंग झाली आहे. का झाली ते सांगायचं तर थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

भावजींनी जन्मभर बस चालवली. मार्ग एकच, डेपो ते तलाव आणि तलाव ते डेपो. लग्न केलं नाही. सासूबाई असेपर्यंत विषय काढायच्या, तर भावजी म्हणायचे, "माझं स्टिअरिंगशी लग्न लागलंय." सासूबाईही काही कमी नव्हत्या. म्हणायच्या, "मग त्यालाच सांग कपडे धुवायला, मी मोकळी." नोकरी संपल्यावर एक ट्रंक आणि डेपोतल्या लोकांनी भेट दिलेलं घड्याळ घेऊन ते आमच्या मागच्या खोलीत राहायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की यापुढे इंजिन असलेल्या कुठल्याही वाहनात आपण पाय ठेवणार नाही. चालत जायचं, फार लांब असेल तर सायकल, आणि त्याहून लांब असेल तर जायचंच नाही.

आता असं का, तर प्रत्येकाला वेगळं कारण. ह्यांना सांगितलं की बसून बसून गुडघे धरलेत. शेजारच्यांना सांगितलं, "जन्मभर एवढा धूर सोडला, आता तो चालून चालून जिरवतोय." मला वाटलं, माणूस नोकरी सुटल्याने जरा भरकटलाय, होईल ठीक. एकदा भाजी निवडता निवडता मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, ड्रायव्हरला पुढचा रस्ता दिसतो आणि मागचा आरसा दिसतो. खिडकीबाहेरचं असतं ते सगळं प्रवाशांचं. एवढी वर्षं मी तिकडून गेलो, पण कडेला काय होतं विचाराल तर मला सांगता यायचं नाही." आणि मग ते रोज सकाळी आपल्याच बसच्या मार्गावरून पायी जायला लागले. थांब्यामागून थांबा, डेपो ते तलाव. कडेला काय होतं ते बघायला.

नुसतं बघून येते तर बरं. प्रत्येक थांब्याजवळचं काहीतरी उचलून आणायला लागले. कुठून फांदी, कुठून बी, कुठून मुळासकट उपटलेलं रोप, ओल्या फडक्यात गुंडाळून, बाळंतिणीचं बाळ आणावं तसं. आमच्या घरात जागा म्हणजे माझं मशीन, कपाट आणि माणसं. मी म्हटलं, "भावजी, ह्याच्यापुढे एक पान जरी आत आलं तर मी बाहेर जाईन." तेव्हा ते बाईंकडे गेले.

बाई म्हणजे आमच्या वस्तीतल्या चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. पाण्याच्या टाकीमागे एक मोकळी जागा होती, सगळे तिथे कचरा टाकायचे. बाईंनी पाणीखात्याच्या मागे लागून ती मागून घेतली, लोकांना गोळा केलं, काचा वेचल्या, माती आणली आणि ज्याला हवा त्याला एकेक वाफा वाटून दिला. आम्ही हसत होतो, तरी सालं-देठं टाकायच्या निमित्ताने सगळे जायला लागलो. एक खड्डा खताचा, एक नळ, आणि कोपऱ्यात सगळ्यांचं मिळून एक लिंबाचं झाड. भावजींना नळाजवळचा वाफा मिळाला. त्यात त्यांनी आपला मार्गच लावला. डेपोपासून तलावापर्यंत, जसे थांबे येतील तशी ओळीने रोपं. आणि रोपांना हाका मारायच्या त्या थांब्यांच्या नावाने.

तुम्हीच विचार करा. सकाळच्या वेळी नळावर बायका उभ्या आहेत आणि एक उंचापुरा माणूस ओरडतोय, "वहिनी, दवाखान्याला कीड लागलीय." किंवा, "पोलीस चौकीला जरा जास्त खत घाला, मरगळलीय." एकदा टाकीवर नवा माणूस कामाला आला होता. भावजी त्याच्यासमोर म्हणाले, "शाळा उपटून टाकतो आता, काही उपयोग नाही तिचा." तो बिचारा दिवसभर त्यांच्यापासून चार हात लांब राहिला. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो. ड्रायव्हरकाका म्हणून सगळ्यांचे लाडके होते ते, आणि खोटं कशाला बोलू, माझेही होते. मशीनवर बसून माझी कंबर धरायची, तर ते ओढून बाहेर न्यायचे, मातीत बोटं घालायला लावायचे. मला आधी घाण वाटायची. पुढे पुढे सकाळी माती हाताला लागली नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं.

हे मात्र कधी आले नाहीत. ह्यांचं चौकात कुलूप-किल्ल्यांचं दुकान आहे. आणि धंद्याचा माणसावर परिणाम होतोच. ह्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. साखर लवकर संपते, तर डब्याला कुलूप. शेजारी न विचारता शिडी नेतात, तर शिडीला कुलूप. पण भावाच्या बाबतीत ह्यांची काळजी खरी होती, तिची चेष्टा मी करणार नाही. ह्यांचे वडील, माझे सासरे, शेवटी शेवटी घर विसरले होते. एकदा चपला न घालता बाहेर पडले ते रात्रभर सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ह्यांनाच सापडले, नाल्याच्या पलीकडे, पाय सोलवटलेले, आणि ह्यांना बघून विचारत होते, "आपण कोण?" ते ह्यांच्या मनातून कधी गेलंच नाही. धाकटा भाऊ रोज एकटा पायी एवढा लांब जातो म्हटल्यावर हे दुकानात बसून घड्याळ बघायचे.

तर एके दिवशी सकाळी मी सालांची बादली घेऊन बागेत गेले, तर लिंबाभोवती ही गर्दी. मला वाटलं साप निघाला. पुढे होऊन बघते तर लिंबाचं झाड चारी बाजूंनी दोरखंडाने बांधलेलं. चार खुंट्या ठोकलेल्या, दोर अगदी तंबूला असतात तसे ताठ, आणि बुंध्याला दोर घासू नये म्हणून खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावलेले. इतकं व्यवस्थित काम की वादळ आलं असतं तरी झाड हललं नसतं. आणि खाली आळं पाण्याने तुडुंब. भावजी शेजारी उभे, हातात झारी, चेहरा काम फत्ते झाल्याचा.

बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काका, हे काय केलंत?"

"तुम्हीच म्हणालात ना, लिंबाला ताण द्या म्हणून. दिला."

सगळे फिस्सकन हसले. बागकाम करणाऱ्याला यातली गंमत लगेच कळते. लिंबाला ताण द्यायचा म्हणजे काही आठवडे पाणी तोडायचं. झाड तहानेलं होतं, पानं जरा गळतात, आणि मग पुन्हा पाणी दिलं की ते फुलांनी लगडतं. भावजींनी बरोबर उलटं केलं होतं. झाड बांधून ठेवलं आणि वर त्याला पोटभर पाणी पाजलं. भावजींनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि तेही हसले. पण ते सगळ्यांच्या नंतर हसले, हे मी पाहिलं.

नेमके तेव्हाच हे दुकानाला जाता जाता गर्दी बघून आत आले. हे हसले नाहीत. झाडाकडे बघितलं, भावाकडे बघितलं आणि निघून गेले. दुपारी जेवायला आले ते नवंकोरं कुलूप घेऊन.

"बाहेरच्या दाराला लावतो," म्हणाले. "किल्ली माझ्याकडे राहील. छोट्याला आता एकटं सोडायचं नाही."

साठी उलटलेल्या भावाला हे अजून छोट्या म्हणतात. छोट्या समोरच बसलेले, घास तसाच हातात. मला म्हणजे असा राग आला की ताट बाजूला सारलं.

"का? काय केलं त्यांनी?"

"अगं, झाड बांधलंय त्याने. शहाणा माणूस झाड बांधतो?"

"बांधतो. विजेच्या खांबाला जी तार लावतात तिला काय म्हणतात? ताण. तंबूच्या दोरीला काय म्हणतात? ताण. तुम्हाला डॉक्टर काय घेऊ नका म्हणून सांगतात? ताण. आता बाईंनी सांगितलं झाडाला ताण द्या, तर साधा माणूस काय करेल? दोरी आणेल. जन्म गेला त्यांचा गाडीत, शेतात नाही गेला. शब्द फसवा आहे, त्याला भावजी काय करणार? उद्या तुम्हाला कोणी म्हटलं घराला टाळं ठोका, तर तुम्ही हातोडा घेऊन कुलपावर हाणणार आहात का?"

कोंडीत सापडले की हे पाणी पितात. दोन पेले पाणी पिऊन म्हणाले, "बरं. पण माझं लक्ष आहे. आणखी एक जरी असं काही झालं, तर कुलूप लागणार म्हणजे लागणार. मग मध्ये कोणी बोलायचं नाही." कुलूप त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. भावजींनी राहिलेलं जेवण मुकाट्याने संपवलं. मला मात्र फार भारी वाटत होतं, जिंकले म्हणून.

त्याच भरात मी संध्याकाळी बाईंकडे गेले, भांडायलाच. म्हटलं, "बाई, जरा समजेल अशा भाषेत सांगत चला. तुमच्या एका शब्दापायी आमच्या घरात आज महाभारत झालं."

बाईंनी मला बसवलं. चष्मा काढून पुसत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते, कुठे बोलू नका. मागच्या वर्षीचा ताण काकांनीच दिला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी तोडलं होतं त्यांनीच. नळावरच्या पोरींनी चुकून घालू नये म्हणून रोज येऊन उभे राहायचे. मला म्हणाले होते, झाडाला तहान लागली की त्याला फुलायची घाई होते. इतकं लिंबू आलं की आपण वाटून वाटून थकलो. त्यांना तो शब्द माहीत आहे, वहिनी. मी यंदा म्हणूनच काही समजावून सांगितलं नाही."

मी घरी आले, मशीनवर बसले, एका पडद्याची दुमड उलटी घातली, उसवली आणि पुन्हा उलटीच घातली. डोक्यात नुसता गुंता. शब्द माहीत होता, तर मग दोरी का? मुद्दाम गंमत केली म्हणावं, तर मग उशिरा का हसले? आणि विसरले म्हणावं, तर सगळे थांबे घडाघड सांगतात ते कसं? सासरेही आधी असेच होते का? मला आठवेना. आणि हे ह्यांना सांगावं तर कुलूप खिळ्यावर तयारच. न सांगावं, आणि उद्या भावजी खरंच कुठे नाल्यापलीकडे सापडले, तर ते पाप कोणाच्या माथी? माझ्याच.

मी ठरवलं, आपण स्वतः बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात उभी राहिले. "भावजी, आज मीही येते. कंबर मोकळी होईल."

ते मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "वहिनी, ही एक्स्प्रेस नाही. सगळ्या थांब्यांवर थांबते."

आणि खरंच थांबत होते. डेपोच्या फाटकावरचा रखवालदार त्यांना बघून सलाम ठोकला, त्यांनी त्याला त्याच्या सुनेची खुशाली विचारली. दवाखान्याच्या कुंपणाला पांढऱ्या फुलांचा वेल होता, त्याच्याखालची माती त्यांनी बोटाने उकरून बघितली. शाळेच्या भिंतीतून एक झाड उगवलं होतं, म्हणाले, "ह्याचं मूळ आत कुठपर्यंत गेलंय ते मुख्याध्यापकांनाही माहीत नाही." चहावाल्याला त्यांनी आठवण करून दिली की तुझ्या दुकानामागचं रोप उन्हात काढ. एकही गोष्ट चुकली नाही. मी हेरगिरीला आलेली, मनात खूण करत होते, हे बरोबर, हेही बरोबर. फक्त एक होतं. प्रत्येक थांब्यावर ते जरा उभे राहायचे, मान डावीकडे वळवून मागे बघायचे, आणि मगच पुढे निघायचे.

"कोणाला बघता?" मी न राहवून विचारलं.

"उतरणारे उतरले का ते. सवय."

आता ही सवय म्हणायची की आणखी काही? माझं मन पुन्हा दोन्हीकडे लोंबकळायला लागलं.

गिरणीच्या पुढे माझ्या चपलेत खडा गेला. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, येते. खडा काढला, वर बघितलं तर भावजी दिसेनात. रस्ता तर सरळच होता, म्हणून मी सरळ गेले. सरळ म्हणता म्हणता एका गल्लीत शिरले, तिथून दुसरीत, पुढे गोदामं लागली, सगळी एकसारखी, आणि माणूस कुठे दिसेना. त्याच गोदामासमोर मी तीनदा आले. ज्याच्यावर नजर ठेवायला निघाले होते तो बहुतेक तलावावर पोहोचला, आणि मी इथे वेडी. तहान लागली, आणि हसू नका, डोळ्यांत पाणीही आलं. मला अचानक सासऱ्यांचीच आठवण झाली. त्या रात्री त्यांना हे असंच वाटलं असेल, असं पहिल्यांदाच मनात आलं. तोवर मला त्यांचा नुसता त्रासच आठवायचा.

भावजी समोरून आले ते न पळता, नेहमीच्याच चालीने. म्हणाले, "गिरणीनंतर डावीकडे वळायचं असतं. नवीन प्रवासी सगळे इथेच चुकतात." त्यांच्याकडे पाण्याची बाटली होती, ती मला दिली. पुढे तलावापर्यंत त्यांनी मला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालवलं.

तलावाच्या काठावर एका दगडी पारावर बसलो. पाणी संथ होतं, दोन-चार बगळे उभे होते. एवढ्या लांब मी कधी पायी आलेच नव्हते. पाय दुखत होते आणि डोकं हलकं झालं होतं. वारा गार होता. मला वाटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही.

"भावजी, एक विचारते, राग मानू नका. ताण म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं ना?"

ते बगळ्यांकडेच बघत होते. "होतं."

"मग?"

"त्या दिवशी नव्हतं."

ते आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "झारी घेऊन झाडापाशी उभा राहिलो. बाई म्हणाल्यात ताण द्या. शब्द कळत होता, वहिनी. पण रिकाम्या थांब्यावर गाडी लावावी तसं झालं. पाटी आहे, छप्पर आहे, आणि चढायला माणूस एकही नाही. विचारायची लाज वाटली. मग खूप वेळ डोकं खाजवलं, तर विजेचा खांब आठवला. म्हटलं, हेच असणार. लोक हसले तेव्हा एकदम आठवलं, मागच्या वर्षी आपणच पाणी तोडलं होतं. आज आठवतंय. उद्याचं माहीत नाही."

"हे असं आणखी कधी होतं?"

"होतं अधूनमधून. म्हणून तर रोज येतो. आधी बघायला येत होतो, आता तपासायला येतो. सगळे थांबे ओळीने आले की त्या दिवशी झोप लागते."

मी त्यांचा हात धरला. दीर-भावजयीत आमच्याकडे कोणी असा हात धरत नाही, पण मी धरला. मातीने खरखरीत झालेला हात होता.

"दादाला सांगू नका," ते म्हणाले. "तो वाईट नाही. पण तो कुलूप लावेल. आत बसलो ना वहिनी, तर आहे तेही जाईल."

"नाही सांगत," मी म्हटलं. "माझी शपथ."

घरी पोहोचलो तेव्हा हे दुकान बंद करून आमची वाट बघत दारातच बसले होते. दुकान सहसा बंद करत नाहीत. मला म्हणाले, "किती उशीर. काय, नीट आहे ना तो? खरं सांग."

"अगदी ठणठणीत," मी म्हटलं. "मीच चुकले रस्ता, त्यांनी शोधून आणलं. उगाच शंका घेता." रस्त्याचं सांगितलं त्यात खोटं काही नव्हतं, आणि तरी तोंड कडू झालं. मी पाणी प्यायला आत वळले.

भावजी अंगणातल्या नळावर पाय धूत होते. त्यांनी नळ बंद केला, पंच्याने पाय पुसले आणि येऊन ह्यांच्यासमोर उभे राहिले.

"दादा, वहिनी माझं झाकतायत. मला ताण माहीत होता. मी विसरलो होतो. आणि ते पहिल्यांदा नाही."

एवढी शपथ घेतली, एवढं गिळलं, आणि हा माणूस स्वतःच बोलून मोकळा. हे उठून उभे राहिले. चेहरा असा उतरला की मला ह्यांचीच काळजी वाटली. म्हणाले, "मग मला सांगतोस कशाला?"

"डेपोचा नियम आहे," भावजी म्हणाले. "गाडीत दोष असला की संध्याकाळी आत शिरताना ड्रायव्हरनेच सांगायचा. झाकून ठेवायचा नाही. मागे माणसं बसलेली असतात."

खिळ्यावरचं कुलूप ह्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. ह्यांनी ते काढलं, हातात धरलं, त्याची कडी उघडली, पुन्हा बसवली. मला वाटलं, संपलं. सासऱ्यांचं नाव निघणार आणि संपलं.

"अशा गाडीचं काय करतात मग डेपोत?" ह्यांनी विचारलं. "भंगारात काढतात?"

"लगेच नाही," भावजी म्हणाले. "आधी जवळच्या फेऱ्यांना लावतात."

ह्यांनी कुलूप खिशात घातलं आणि दुकानाची पिशवी उचलली. दारापर्यंत जाऊन वळले आणि म्हणाले, "छोट्या, ती बाग जवळच आहे ना रे? मी कधी नीट आलोच नाही. चल, दाखव."